म्हातारा का वाकला?

वसू, अगं, लागला! आपला पिक्चर लागला! शनिवारच्या पेपरात टीव्हीचं पान उघडलं आणि रविवारच्या रकान्यात त्याचं नाव. मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी, समोर एक गोऱ्या आजी दम्याच्या पंपाची वाट बघतायत, आणि मी जोरात ओरडले, "अगं बाई गं!" आजी दचकल्या. "गुड न्यूज, डिअर?" म्हणाल्या. "व्हेरी गुड न्यूज," म्हटलं, आणि हात सरळ फोनकडे गेला. तुझा नंबर अर्धा दाबून झाल्यावर मला आठवलं की तू गेलीस त्याला तीनेक आठवडे झालेत.

आणि मला तुझा इतका राग आला म्हणून सांगू! सहा वर्षं आपण या पिक्चरची वाट बघितली. दर शनिवारी पेपर चाळला. आणि बाईसाहेबांना आणखी तीन आठवडे थांबवलं नाही. मग मी फोन ठेवलाच नाही. रागारागाने उरलेले आकडेही दाबले. अनिलरावांनी उचलला. म्हटलं, "उद्या दुपारी पिक्चर आहे. कोरी कॅसेट काढून ठेवा. आणि क्रिकेटचं नाव जरी काढलंत ना..."  मग तुझा नवरा म्हणाला, "समजलं, शैलाताई. या."

आता तुला काय सांगायचा तो पिक्चर! पण सांगणार. कारण सांगताना मला मजा येते, आणि तू मध्ये तोंड घालू शकत नाहीस ही संधी मला आयुष्यात पहिल्यांदा मिळते आहे.

एक म्हातारा. त्याचं मोठं रँच, गुरं, घोडे. पण काळ आताचा. म्हणजे घोडा आहे तसा दाराशी ट्रकही आहे, आणि भिंतीवरची बंदूक शेवटपर्यंत भिंतीवरच. मारामारी सगळी जेवणाच्या टेबलावर. बटाट्याचं भांडं पुढे सरकवताना म्हातारा पोराला एक शब्द बोलतो, पोरगा मीठ मागताना दोन बोलतो. पोराला शहरात जाऊन गाड्या दुरुस्त करायच्या आहेत, आणि म्हाताऱ्याला हे रँच त्याच्या हातात द्यायचं आहे. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे हे आपल्याला दिसतं, त्यांच्या कुत्र्यालाही दिसतं, फक्त त्या दोघांना दिसत नाही. शेवटी भांडण विकोपाला जातं. म्हातारा म्हणतो, गेलास तर परत यायचं नाही. पोरगा ट्रक सुरू करतो आणि धुरळा उडवत निघून जातो. रँचचं मोठं लाकडी गेट सताड उघडं. म्हातारा हळूहळू चालत गेटपाशी येतो. आणि वाकतो.

का वाकतो? इथेच आपलं घोडं अडलं होतं ना!

पहिल्यांदा बघितला तेव्हा तुम्ही हॉस्पिटलजवळच्या त्या भाड्याच्या घरात होतात. नेमक्या त्या क्षणी मी चहा गाळत होते आणि तू रडत होतीस. ओट्यामागून मला म्हातारा वाकलेला दिसला, तुला आसवांतून दिसला, आणि मग नावं सुरू झाली. तू म्हणालीस, "त्याने काहीतरी ठेवलं तिथे, पोरासाठी." मी म्हटलं, "काहीतरी काय ठेवलं? त्याची पाठ धरली." तू म्हणालीस, "अनिलने टेप केलाय, बघू परत." टेप लावली. म्हातारा चालत आला, गेटपाशी पोचला, वाकायला लागला, आणि पडद्यावर पांढऱ्या कपड्यांतला एक बॅट्समन वाकून पवित्रा घेऊन उभा! अनिलरावांनी कॅसेट थोडी जास्तच मागे घेतली होती आणि शिल्लक जागेवर दिवसभराच्या खेळाचा सारांश भरला होता. तुझा तो चेहरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. दोन दिवस तू त्या माणसाला चहा दिला नाहीस.

व्हिडिओच्या एकाही दुकानात तो पिक्चर मिळाला नाही. मग काय, वाद सुरू झाला तो झालाच. वाढदिवसांना, गणपतीला, लोअर हटच्या त्या लग्नाला जाताना गाडीत सहा तास. तुझं म्हणणं, म्हाताऱ्याने पोराला माफ केलं. माझं म्हणणं, माफबिफ काही नाही, सुंभ जळला तरी पीळ जळत नाही. माझ्या काउंटरवर रोज असे म्हातारे येतात, कंबरेवर हात ठेवून, मलम मागत. तू म्हणायचीस, "शैले, तुला सगळं जग पाठदुखीचं गिऱ्हाईक दिसतं." मी म्हणायचे, "आणि तुला सगळं जग बरं होऊन घरी जाणारा पेशंट." एकदा तर आपण सुपरमार्केटमध्ये दुधाच्या कपाटासमोर इतक्या तावातावाने बोलत होतो की एका बाईने येऊन विचारलं, सगळं ठीक आहे ना. तुला आठवतं तू काय उत्तर दिलंस? "शी थिंक्स ही हॅज अ बॅड बॅक."

तुझं हे वेड मिरजेचं. वडिलांचं बोट धरून मॅटिनीला इंग्रजी पिक्चर, भाषेचं अक्षर कळायचं नाही पण घोडे कळायचे, असं तू सांगायचीस. म्हणून तर घर घेताना हॅमिल्टनच्या कडेचं रोटोटुना! लोक शाळा बघतात, दुकानं बघतात. तू मागचं कुंपण बघितलंस. कुंपणापलीकडे मोकळं कुरण आणि दहा-बारा गाई. एजंटला म्हणालीस, "वी विल टेक इट." अनिलरावांनी अजून बाथरूमसुद्धा बघितलं नव्हतं. पुढे प्रत्येक पाहुण्याला तू मागच्या दारी नेऊन हात पसरून सांगायचीस, "हे आपलं रँच." गाई दुसऱ्याच्या, कुरण दुसऱ्याचं, आणि मालकीण ही! उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते मी तुझ्याकडे बघून शिकले.

आणि तुझ्याच पोटी ती पोरगी आली.

मेघना. डनेडिनला मेडिकलच्या तयारीचं वर्ष करायला गेली होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैत्रिणीच्या घरच्या डेअरी फार्मवर, मोरिन्सविलला, कामाला लागली आणि परत गेलीच नाही. तुला फोनवर सांगायची हिंमत झाली नाही म्हणून स्वतः आली. अंगात शेणाचे डाग पडलेलं जर्किन, पायात गुडघ्यापर्यंतचे गमबूट. पुढच्या दारात उभी राहून म्हणाली, "मम, आय वॉन्ट टू मिल्क काऊज." मी तिथेच होते. मला आधी हसू फुटलं. मग तुझं तोंड बघितलं आणि हसू गिळलं.

तू काय काय बोललीस! मिरजेहून आम्ही कशाला आलो, रात्रपाळ्या कशाला केल्या, लोक काय म्हणतील. ती बिचारी इंग्रजीत एकेका वाक्याने उत्तर देत होती, आणि प्रत्येक उत्तराने तू आणखी पेटत होतीस. शेवटी तू तिच्या पायांकडे बोट दाखवलंस. "हे बूट घालून माझ्या घरात पाऊल टाकायचं नाही!" ती म्हणाली, "फाइन." आणि गेली. खाण तशी माती, दुसरं काय!

तेव्हा मी तुला म्हटलं होतं की वसू, तुझा पिक्चर उलटा चाललाय. तिथे बाप म्हणतो गुरं सांभाळ आणि पोरगा पळतो. इथे पोरगी म्हणते गुरं सांभाळते आणि आई पळवते. पडद्यावरच्या गाईंना टाळ्या आणि पोरीच्या गाईंना शिव्या, हा कुठला न्याय? तू माझ्याशी आठवडाभर बोलली नाहीस. पण तू खोटं कधी वागली नाहीस, हे मला आवडायचं. आठवड्याने फोन करून म्हणालीस, "तू बरोबर बोलतेस, पण माझा राग गेलेला नाही." इतकं सरळ बोलणारं माणूस मला दुसरं भेटलं नाही. या देशात आले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात मी सामान बांधलं होतं. तू माझ्या दारात गरम पाण्याची पिशवी आणि मुगाची खिचडी घेऊन उभी राहिलीस आणि म्हणालीस, "जा, पण फार्मसीची परीक्षा देऊन जा. नापास झाली म्हणून परत आली असं नको म्हणायला कोणी." मी परीक्षा दिली, पास झाले, राहिले. आज माझ्या नावाची पाटी ज्या काउंटरवर आहे तो काउंटर तुझा आहे, वसू. हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही, कारण तू लगेच म्हणाली असतीस, "मग म्हाताऱ्याबद्दल माझं ऐक."

ती पोरगी वर्षभर आली नाही. रविवारी फोन यायचा. कशी आहेस, गुड. जेवलीस का, येस. थंडी आहे का, हीप्स, म्हणजे खूप. संपलं. अनिलराव अधूनमधून जाऊन भेटून यायचे आणि तू विचारायचीस, "वाळली का?" आणि लगेच दुसऱ्या खोलीत जायचीस, उत्तर ऐकू येईल इतपतच लांब.

जानेवारीत, इथल्या भर उन्हाळ्यात, संक्रांत आली आणि मी ठरवलं. म्हटलं, तिळगूळ भांडलेल्या माणसालाच द्यायचा असतो, नाहीतर तो नुसता लाडू. तुला गाडीत घातलं. तू पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज घातले होतेस, फार्मवर जाताना! मांडीवर स्टीलचा डबा घट्ट धरून बसलीस आणि सगळा रस्ता मला सांगत राहिलीस की आपण फक्त डबा देऊन निघायचं.

फार्मच्या आत गाडी लावली. ऊन रणरणत होतं. समोर कुरण, कुरणाला एक गेट, ते सताड उघडं, आणि आसपास माणूस नाही. तू लगबगीने गेलीस आणि गेट लावलंस. नुसतं लावलं नाहीस, कडी घालून, ओढून बघितलंस. ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून हयात गेलेली बाई, दार उघडं दिसलं की तुझा हात शिवशिवायचाच. माझ्याकडे बघून म्हणालीस, "बघ, किती निष्काळजी लोक! सगळ्या गाई निघून गेल्या असत्या." मीसुद्धा मान डोलावली. आपण दोघी कोणाचं तरी भलं केल्याच्या आनंदात तिथे उभ्या.

आणि मग गाई आल्या. अगदी एका ओळीत, शांतपणे, माहेरी निघाल्यासारख्या. पहिली गाय बंद गेटपाशी येऊन थांबली. तिच्यामागे दुसरी. बघता बघता शे-दीडशे गाई गेटला भिडल्या आणि हंबरायला लागल्या. असा हंबरडा मी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. तू डबा छातीशी धरून मागे सरकत होतीस. तेवढ्यात पलीकडून चार चाकांची मोटरसायकल धडधडत आली, मागे कुत्रा, आणि वर तुझी लेक. उन्हाने रापलेली, दंड पैलवानासारखे झालेले.

"हू शट द ब्लडी गेट?" ती लांबूनच ओरडली. मग तिला आपण दिसलो.

"मी," तू म्हणालीस. मान ताठ. "उघडं पडलं होतं."

मला वाटलं, झालं, आता पुन्हा जुंपली. पण मेघना खाली उतरली आणि तुझ्याकडे बघत राहिली, तुझ्या त्या पांढऱ्या बुटांकडे, त्या डब्याकडे. मग अगदी हळू म्हणाली, "मम, इट्स मिल्किंग टाइम. वी लीव्ह इट ओपन. दे जस्ट कम होम. यू डोन्ट हॅव टू कॉल देम."

तिने गेट उघडलं. गाई आपल्याला खेटून एकामागून एक दूध काढायच्या शेडकडे निघाल्या. त्यातल्या एकीने जाता जाता शेपूट वर केलं आणि तुझा उजवा बूट पार हिरवा करून टाकला. मेघना हसली. असं खळाळून हसली! तिचे दोन्ही हात बरबटलेले, म्हणून तिने नुसतं तोंड उघडलं, आणि तू डब्यातला लाडू काढून तिच्या तोंडात घातलास. "तिळगूळ घे, गोड बोल." लाडू चावत ती म्हणाली, "यू टू, मम."

तेव्हा म्हणायचं होतंस गं! 'घरी ये' एवढे दोन शब्द. मी तुला कोपराने ढोसलं. तू म्हणालीस, "ऊन फार आहे, टोपी घालत जा." आणि आपण निघालो.

तू गाडीत बसलीस. एक बूट पिशवीत, एक पायात. मग खिडकीबाहेर बघत स्वतःशीच म्हणालीस, "बोलवावं लागत नाही म्हणे." आणि एकदम माझा दंड असा पकडलास की गाडी रस्ता सोडून जायची बाकी राहिली. "शैले! म्हातारा! गेट! बघ, मी म्हणत नव्हते?" मी म्हटलं, "अगं, ती दुधाची गुरं आहेत, आणि पिक्चरमधली खाटकाकडे जाणारी! त्यांना कोण दूध काढायला घरी बोलावतंय?" तू म्हणालीस, "म्हाताऱ्याला गुरं नको होती परत, पोरगा हवा होता!" मी म्हटलं, "आणि वाकला कशाला? सांग ना, वाकला कशाला?" हॅमिल्टनच्या पुलापर्यंत आपण नुसत्या किंचाळत होतो. वर्षभरात तुला इतक्या आनंदात मी बघितलं नव्हतं.

त्यानंतर तुझ्याकडे आले की मला एक विचित्र गोष्ट दिसायची. तुझ्या घराच्या बाजूला ते लाकडी फाटक आहे ना, पुढच्या अंगणातून मागे धुण्याच्या खोलीकडे जाणारं. ते तू नेहमी कडी घालून बंद ठेवायचीस. आता ते कायम उघडं. तळाशी एक लाल वीट. मी विचारलं तर म्हणालीस, "लॅच बिघडलंय." रोटोटुनात जिकडेतिकडे बांधकाम, विटा काय कुठेही पडलेल्या असतात. मी पुढे काही विचारलं नाही.

हिवाळा आला. गाई व्यायला लागल्या, मेघनाला मान वर करायला फुरसत नव्हती. मी तुझ्या डोक्याशी कटकट लावली होती. "तिला म्हण ना, घरी ये." तू म्हणायचीस, "तिला कळत नाही का?" मी म्हणायचे, "कसं कळणार? तू बोलल्याशिवाय?" तू म्हणायचीस, "कळेल." मी म्हटलं, हट्टी आहेस, गाढव आहेस. शेवटचं भांडण आपलं तेच. सोमवारी भांडलो, आणि गुरुवारी अनिलरावांचा हॉस्पिटलमधून फोन आला. त्या दिवसाबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला समजलं, औषधांतलं मला कळतं, पण तू आता कोणाशी भांडणार आणि मी कोणाशी, हे मला अजून समजलेलं नाही.

मेघना आली. घर माणसांनी भरलेलं, ती उसने काळे बूट घालून पुढच्या दाराने आली आणि पाहुण्यासारखी कोपऱ्यात उभी राहिली. दुसऱ्या दिवशी परत गेली. गाई थांबत नाहीत.

म्हणून त्या शनिवारी अनिलरावांशी बोलून झाल्यावर मी तिला फोन केला. म्हटलं, तुझ्या आईचा पिक्चर लागतोय, ये. "आय हॅव गॉट हीप्स ऑन, आँटी," ती म्हणाली. मी गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही हे तिला माहीत आहे. "ओके," म्हणाली, "मॉर्निंग मिल्किंग झाल्यावर. पण दोनला निघणार."

रविवारी अनिलरावांनी कोरी कॅसेट घालून ठेवली होती आणि रिमोट दोन्ही हातांत धरला होता. पिक्चर सुरू झाला तरी ती नाही. मग बाजूने गमबुटांचा आवाज आला, धप धप, फाटकातून मागे. धुण्याच्या खोलीत बूट काढले, नळ वाहिला, आणि भोकं पडलेल्या लोकरी मोज्यांत ती आत आली. आल्याबरोबर खोलीभर गाईचा वास! अनिलराव सरकून बसले. ती खाली, तुझ्या खुर्चीला टेकून बसली.

काय पिक्चर आहे गं! मी विसरलेच होते किती छान आहे. बटाट्याच्या भांड्याच्या वेळी मेघना हसली. म्हणाली, "दॅट्स मम." मी म्हटलं, "आणि मीठ मागणारी तू." जाहिराती लागल्या तेव्हा तिने टीव्हीकडेच बघत विचारलं, "आँटी, डिड शी एव्हर से इट? की मी आले तर चालेल?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण तुझ्याबद्दल खोटं बोलायचं म्हणजे तुझा अपमान. म्हटलं, "नाही गं राणी. म्हणाली नाही." तिने मान हलवली. अनिलराव रिमोटची बटणं पुसत बसले. मला तुला गदागदा हलवावंसं वाटत होतं.

आणि मग शेवट आला. पोरगा ट्रकमध्ये बसला, धुरळा, गेट उघडं.  अनिलराव उठून उभे राहिले, जणू कोणी मध्येच येऊन क्रिकेट लावणार होतं. म्हातारा चालत आला. गेटपाशी थांबला. वारा सुटलेला, गेट हळूहळू आपोआप बंद व्हायला लागलेलं, हे आपण बघितलंच नव्हतं, वसू! त्याने ते हाताने अडवलं. वाकला. बाजूचा एक मोठा दगड दोन्ही हातांनी उचलला, आणि गेटच्या पायाशी ठेवला. ओढून बघितलं. हलत नाही ना. मग घरी गेला. गेट उघडं. नावं सुरू.

"ठेवला! दगड ठेवला! वसू, ठेवला गं!" मी उड्या मारत होते. या वयात! अनिलराव हसत होते आणि डोळे पुसत होते. त्यांनी कॅसेट बाहेर काढली आणि तिच्या कडेची ती छोटी प्लास्टिकची पट्टी नखाने मोडून टाकली, म्हणजे आता तिच्यावर कोणालाही काही रेकॉर्ड करता येणार नाही. मी म्हटलं, "सहा वर्षं उशीर झाला, अनिलराव." ते म्हणाले, "हो."

मेघना मात्र हसत नव्हती. ती उठली, तशीच मोज्यांवर, आणि धुण्याच्या खोलीतून बाहेर गेली. थोड्या वेळाने हाक आली. "आँटी. डॅड. कम हिअर."

ती बाजूच्या फाटकापाशी उभी होती. विटेकडे बघत. "हू पुट धिस?"

"तुझ्या आईने," अनिलराव म्हणाले. "मी बाजूला काढायचो, ती परत ठेवायची. लॅच बिघडलंय म्हणायची."

मेघनाने पायाने वीट सरकवली, फाटक ओढलं. खट्. लॅच बसलं. उघडलं, पुन्हा लावलं. खट्. "देअर इज नथिंग राँग विथ इट," ती म्हणाली. मग मागे वळून बघितलं, फाटकापासून धुण्याच्या खोलीच्या दारापर्यंत, जिथे तिचे गमबूट पडले होते. पुढच्या दारातून त्या बुटांना तू बंदी केली होतीस. दिलेला शब्द काही तू मागे घेणार नव्हतीस. म्हणून मागचा रस्ता उघडून ठेवलास. आणि वाऱ्याने तो बंद होऊ नये म्हणून वाकलीस.

पोरगी तिथेच खाली बसली आणि रडली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. "आय थॉट इट वॉज जस्ट ओपन," म्हणत राहिली. अनिलराव तिच्या शेजारी ओल्या गवतात बसले. मी उभी राहिले. कोणीतरी उभं राहायला हवं होतं.

दोन वाजून गेले होते. गाई थांबत नाहीत. तिने गमबूट चढवले, मला मिठी मारली, माझ्या नव्या स्वेटरला शेण लागलं. जाताना फाटक उघडलं आणि वीट होती तशी लावली. "नेक्स्ट संडे," म्हणाली. बोलवावं लागलं नाही.

तर हरले मी, वसू. लेखी देते. म्हाताऱ्याची पाठ धरली नव्हती. पण ती गुरं खाटकाचीच होती, हे मी सोडणार नाही, आणि वर भेटलीस की तिथूनच पुढे सुरू करू.

काल संध्याकाळी मी अनिलरावांना भाजी द्यायला गेले तेव्हा जोराचा वारा सुटला होता. ते बाहेर गेले. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. फाटकापाशी गेले, थांबले, आणि वाकले. पाठ ठणठणीत आहे त्यांची. मला माहीत आहे, औषधं माझ्याकडूनच नेतात.